बारा गुंठे, अर्धे बर्फाखाली: उत्तर स्वीडनमधली आमची पहिली बाग

२०२४च्या ऑगस्टात आम्ही शेलेफ्तेओ शहरातला भाड्याचा फ्लॅट सोडला आणि तिथून ३५ किलोमीटर आत एका वाडीवर जुनं लाकडी घर घेतलं. वाडी म्हणजे अक्षरशः वाडी, चौदा घरं, त्यातली पाच तर फक्त उन्हाळ्यात उघडतात. नकाशात बघायचं तर स्वीडनच्या पार वरच्या अंगाला, वेस्टरबॉटन भाग, ६४ अंशांच्याही वर. घराबरोबर साधारण बाराशे चौरस मीटर मोकळी जागा आली, सफरचंदाची तीन झाडं, करवंदासारखी काळी फळं येणारी ब्लॅककरंटची झुडपं आणि कोणे एके काळी बटाटे लावायचे तो एक गवताळलेला तुकडा. अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांनी लगेच हिशोब केला, "म्हणजे बारा गुंठं. बरं आहे की, काय लावणार?" मी कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी खरी, पण शेतात कधी हात घातला नाही, पुण्यात असताना कुंडीतली तुळस दोनदा वाळवलेली बाई आहे मी. काय लावणार ते मला कुठं माहीत होतं.

हे सगळं लिहून ठेवतेय कारण फेब्रुवारीत मी शोधायला बसले तेव्हा इंग्रजीत मिळालेलं सगळं इंग्लंड-अमेरिकेचं निघालं, आणि स्वीडिशमध्ये मिळालेलं बरंचसं दक्षिणेतल्या स्कोनेचं, म्हणजे इथून हजार किलोमीटरच्याही खालचं. तिकडे मार्चमध्ये फुलं येतात तेव्हा आमच्याकडे लेटरबॉक्स फावड्याने उकरून काढावा लागतो. मराठीत तर काहीच नाही. इकडे अजून कोणी येऊन अडकलं असेल तर त्यांना उपयोग होईल.

पहिली चूक फेब्रुवारीतच झाली. मिरच्यांचं बी लवकर टाकायचं असतं हे बरोबर आहे, त्यांना वेळ लागतो, पण मी ते खिडकीत ठेवलं. खिडकीत उजेड कुठाय? जी रोपं आली ती उजेडाकडे मान ताणून ताणून दोऱ्यासारखी झाली नी आडवी पडली. दिवे घ्यावे लागतील हे कळलं पण नवीन सेटच्या किमती बघून नवरा म्हणाला, दोन वर्षांच्या मिरच्या विकत घे त्यापेक्षा.

दिवे शेवटी मिळाले पण ज्या कारणाने मिळाले ते काही आनंदाचं नाही. मार्चमध्ये शहराजवळची बॅटरीची मोठी फॅक्टरी दिवाळखोरीत गेली. आपले कितीतरी लोक तिथे होते. वर्क परमिटवाल्यांना नोकरी गेल्यावर नवीन शोधायला तेव्हा तीन महिने मिळायचे. त्यामुळे आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज सोफा, सायकली, प्रेशर कुकर विकायला. एक नागपूरचं कुटुंब निघालं होतं, त्यांनी बाल्कनीत टोमॅटो लावायला घेतलेले दोन दिवे, ट्रे आणि अर्धी गोणी माती मला ३०० क्रोनरला दिली (१ क्रोन म्हणजे तेव्हा साधारण नऊ रुपये). वहिनी दिवे पुसून पुसून देत होत्या. मी जास्त पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "नको हो, पहिले टोमॅटो आले की फोटो टाका." मी दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं बी टाकलं, १९ मार्च. मिरच्याही परत टाकल्या.

बियांबद्दल एक सांगते. घरून बी आणायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला, कोरेगावचा वाघ्या घेवडा इथे लावायचं माझ्या डोक्यात होतं. पण युरोपियन युनियनच्या बाहेरून लावायचं बी आणायचं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, पाव किलो घेवड्यासाठी कोण ते करत बसणार. त्यामुळे मेथी नी धने मी शहरातल्या आशियाई दुकानातल्या खायच्या पाकिटातलेच टाकले. मस्त उगवतात. बाकीचं बी ऑनलाइन मागवलं.

आता ऑनलाइन मागवलं म्हणजे घरी आलं असं नाही. इथे टपाल एक दिवसाआड येतं, पेट्या रस्त्याच्या कडेला ओळीने, आणि पेटीत न मावणारं पार्सल १४ किलोमीटरवरच्या किराणा दुकानात. ते दुकानच पोस्ट, तेच औषधं मागवायची जागा. पार्सल घ्यायला ओळखपत्र नाहीतर मोबाइलमधला बँकआयडी (बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख) लागतो, आणि माझ्या नावाचं पार्सल नवऱ्याला उचलायचं तर त्याचीही वेगळी भानगड. बस दिवसातून तीन, शाळेच्या वेळेला जुळवलेल्या. माझं भारतातलं लायसन्स इथे नोंदणी झाल्यापासून एक वर्षच चाललं, आता स्वीडिश काढायचं आहे, त्याचं वेगळं रामायण आहे ते परत कधीतरी. तर बियांच्या एका पाकिटासाठी सकाळी ७:१०ची बस, दुकान उघडायला दोन तास बाकी, बाहेर उणे अकरा. त्यानंतर मी शहाणी झाले, सगळं एकदम मागवायचं आणि नवऱ्याच्या नावानेच मागवायचं, तो येता येता उचलतो.

३० मार्चला पाडवा होता आणि त्या वर्षी नेमकं त्याच रात्री घड्याळ एक तास पुढे गेलं. म्हणजे मुहूर्त बघावा तर कुठल्या वेळेने, यावर आईशी फोनवर वीस मिनिटं. गुढी पायरीपाशी बर्फात रोवली, काठी रोवायला बर्फाइतकं सोयीचं काही नाही. कडुलिंब कुठून आणणार, पण इथे ईस्टरच्या आधी बर्चच्या काटक्या रंगीत पिसं बांधून दारात ठेवतात, त्यातल्याच चार साध्या काटक्या बांधल्या. गाठी नव्हत्या. लेकीने जिलेटिनच्या गोळ्या दोऱ्यात ओवल्या, आईला सांगितलं नाही.

इथले लोक मार्च-एप्रिलला वसंत म्हणत नाहीत. त्यांचा वेगळाच शब्द आहे, वॉरविंतेर, वसंत-हिवाळा. ऊन डोळे दिपवणारं, छतावरून थेंब थेंब पाणी, आणि खाली गुडघाभर बर्फ. हवामान खात्याची व्याख्या तर अशी की दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर पण दहाच्या खाली राहिलं पाहिजे, तेव्हा वसंत आला. सहाव्या दिवशी परत शून्याखाली गेलं की मोजणी पहिल्यापासून. मला आधी हे विनोदी वाटलं होतं, मे संपेपर्यंत वाटेनासं झालं.

त्या वाट बघण्याच्या काळात मी कंपोस्टचं काम अंगावर घेतलं. मला वाटलं खड्डा करायचा, साली टाकायच्या, झालं. शेजारच्या आजोबांना बोलता बोलता सांगितलं तर ते म्हणाले कम्यूनला कळवलंस का. (आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत आणि मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारते, अहो-जाहो नाही, काका नाही. इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे. पहिले सहा महिने मी त्यांचं नाव घ्यायचंच टाळत होते, "एक्सक्यूज मी"वर भागवलं. मनात मात्र आजोबाच.)

तर नियम असा: गवत, पानं, काटक्या तुमच्या जागेत कुजवा, कोणी विचारत नाही. पण स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवायचा तर कम्यूनला म्हणजे नगरपालिकेला आधी कळवावं लागतं. फॉर्म ऑनलाइन, बँकआयडीने लॉगिन. त्यात घरात माणसं किती, डबा कोणता, बंद झाकणाचा आहे का, उंदीर शिरणार नाहीत ना, हिवाळ्यातही वापरणार तर इन्सुलेशन आहे का, आणि तयार खत कुठे वापरणार. शिवाय मिळकतीचा नंबर. त्या नंबराला इतका लांब शब्द आहे की लेकीने दोन श्वासात वाचला, पण वस्तू ओळखीची, आपला गट नंबरच. घराच्या खरेदीखतावर सापडला.

३ एप्रिलला फॉर्म भरला. १४ तारखेला उत्तर आलं की नकाशा जोडलेला नाही, डबा विहिरीपासून नी शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती लांब ठेवणार ते दाखवा. मी लेकीच्या वहीतल्या चौकटीच्या कागदावर पट्टीने काढला, फोटो काढून पाठवला. चालला! मला वाटलेलं आर्किटेक्ट लागतो का काय. परवानगीचा कागद १२ मेला आला. आमच्या कम्यूनने फी घेतली नाही पण काही ठिकाणी घेतात, आधी विचारा. आणि थांबायची तयारी ठेवा, सहा आठवडे धरूनच चाला. म्हणजे बर्फ असतानाच अर्ज टाकला तर माती मोकळी होईपर्यंत कागद हातात येतो, एवढी एक गोष्ट माझी चुकून बरोबर जमली. इन्सुलेटेड डबे नवीन फार महाग, मी जुना १२०० क्रोनरला घेतला, झाकणाची बिजागरी तुटकी, ती तारेने बांधली.

एप्रिलमधलं दुसरं काम टायर. हिवाळ्यात इथे खिळ्यांचे टायर असतात आणि ते १५ एप्रिलपर्यंतच चालतात, त्यानंतर रस्त्यावर खरोखर बर्फ असेल तरच. आता आमच्या वाडीच्या रस्त्यावर सकाळी सहाला बर्फ असतो, शहरातल्या रस्त्यावर दुपारी धूळ उडते, मग धरायचं काय? लोक हवामान बघून एकमेकांना विचारून ठरवतात. गॅरेजवाल्यांना फोन केला तर पहिली तारीख ९ मे, आणि टायर बदलायचे ४५० क्रोनर. शेवटी २६ एप्रिलला शनिवारी आजोबांनी जॅक आणला आणि नवऱ्याला शिकवत शिकवत दीड तासात झालं. जाताना म्हणाले, पाच मील झाल्यावर नट परत आवळा. नवऱ्याने आठ किलोमीटर धरले आणि दुकानापाशी थांबून इमानदारीत आवळले. घरी आल्यावर कळलं की इथला मील दहा किलोमीटरचा असतो. इथे कोणी "जवळच आहे, तीन मील" म्हणालं तर चालत निघू नका.

बर्फ. बर्फाबद्दल मला वाटायचं एक दिवस वितळतो. तसं होत नाही. दक्षिणेकडची भिंत एप्रिलच्या मध्यालाच कोरडी, तिथे गवत दिसायला लागलं, आणि उत्तरेला जिथे अख्खा हिवाळा छतावरचा बर्फ ढकलला होता तिथे मेमध्येही माझ्या कमरेइतका ढीग. बटाट्याच्या तुकड्यावर आजोबांनी चुलीतली राख पसरायला सांगितली, काळं झालं की ऊन जास्त ओढतं नी लवकर वितळतं. दोन बादल्या राख टाकली. खरंच आजूबाजूच्या आधी पाच-सहा दिवस जागा मोकळी झाली.

पण बर्फ हटल्यावर जे दिसलं त्याने मी रडले, खरं सांगते. सफरचंदाच्या तीन झाडांपैकी सगळ्यात लहान, त्याची बुंध्यापासून वीतभर साल गोल कुरतडलेली, आत पांढरं लाकूड. उंदरासारखा सोर्क म्हणून प्राणी असतो, तो हिवाळ्यात बर्फाखालून बोगदे करून येतो आणि साल खातो. वर बर्फ शांत दिसत असतो, खाली हे चालू. आजोबांनी बोट फिरवून बघितलं आणि सांगितलं की पूर्ण गोल गेलीय, आता पानांतलं अन्न खाली मुळांपर्यंत जाणार नाही. ऑक्टोबरमध्ये बुंध्याला बारीक जाळी गुंडाळायची आणि ती जमिनीत थोडी पुरायची, म्हणजे होत नाही. जाळीचा रोल १५० क्रोनर. झाड किती वर्षांचं होतं ते मी विचारलं नाही.

३० एप्रिलला इथे वाल्बॉर्ग, गावोगाव मोठी शेकोटी पेटवतात. हिवाळ्यात मोडलेल्या फांद्या, छाटलेलं सगळं लोक आठवडाभर आधीपासून आणून टाकतात, आम्हीही दोन फेऱ्या टाकल्या. आपली होळीच, फक्त दीड महिना उशिरा आणि कोणी बोंब मारत नाही, उलट रांगेत उभं राहून वसंताची गाणी म्हणतात. रात्री नऊला अजून उजेड. एक मात्र लक्षात ठेवा, याच दिवसांत गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत भुरूभुरू पेटतं, त्यामुळे आपल्या आवारात काहीही जाळायच्या आधी आज आग लावायला बंदी आहे का ते बघायचं, त्याचं सरकारी अ‍ॅप आहे, आणि बागेचा कचरा जाळण्याचे कम्यूनचे नियमही. मेच्या पहिल्या आठवड्यात परत बर्फ पडला, चार बोटं. लेक खूश.

१० मेला शेणखत आणलं. शेणखत नव्हे, घोड्याची लीद. सहा किलोमीटरवर एक तबेला आहे, ते फुकट देतात, फावडं आपलं, घाम आपला. आजोबांची ट्रेलर मागितली. साध्या लायसन्सवर ७५० किलो एकूण वजनापर्यंतची ट्रेलर ओढता येते, त्याहून मोठी असेल तर गाडी अधिक ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या आत लागते, हे कागदावर तपासून घ्या, नुसतं "हलकीच आहे" म्हणून निघू नका. ओल्या लिदीचं वजन किती होतं याचा आम्हाला पत्ता नव्हता, अर्धी ट्रेलर भरल्यावर मागची चाकं बसली. तबेल्यातल्या बाई पैसे घेईनात म्हणून मी दालचिनीच्या बन्सऐवजी नारळाच्या वड्या नेल्या. अण्णांचा लगेच फोन, "कुजलेलं आहे ना? कच्चं घालू नको बरं का, हुमणी होती." हुमणी म्हणजे मुळं कुरतडणारी अळी. कॅमेरा फिरवून दाखवलं, काळं, भुसभुशीत, वाफ येत नाही. पास झालो.

आणि मग सगळं तयार. खत आहे, बियाणं आहे, बटाटे खिडकीत अंड्यांच्या ट्रेमध्ये कोंब काढून बसलेत. (इथला जो लांबट, बदामाच्या आकाराचा मांदेल नावाचा बटाटा आहे तो घेतला, लावायचा म्हणून मिळतो तो सर्टिफाइड, दोन किलो ९० क्रोनर. पाच आठवडे आधी थंड उजेडाच्या खोलीत ठेवायचा, इथला हंगाम इतका आखूड की ते आठवडे घरातच वाचवायचे.) ऊन पण पडलं, १४ मेला चक्क सतरा डिग्री. मी कुदळ घेऊन निघाले.

कुदळ वीतभर गेली नी आत टण्ण. वरचा चिखल, खाली दगड. दगड नव्हे, गोठलेली जमीन. तिला इथे शेले म्हणतात. वरून वितळत येते, पण खालचा थर गोठलेला असल्यामुळे पाण्याला जायला जागा नाही, मग वर नुसता राडा. आजोबा पहार घेऊन आले आणि जमिनीत दोन-तीन ठिकाणी खुपसून बघितली, आवाज ऐकला, मान हलवली. "दोन आठवडे." मी म्हटलं ऊन तर बघा किती आहे. ते म्हणाले ऊन वर आहे.

त्या रात्री अण्णांना सांगितलं. त्यांनी कधी बर्फ बघितलेला नाही, फ्रिजमधला सोडून. पण ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "म्हणजे वाफसा नाही अजून. मूठभर माती घे, दाब, गोळा झाला की कमरेइतक्या उंचीवरून टाक. फुटला तर वाफसा. नाही फुटला तर पाय ठेवू नको शेतात, माती दबली की वर्षभर सुधारत नाही." मी आयुष्यभर हा शब्द ऐकलाय, "वाफसा आला का", "वाफशावर पेरलं", चहा पिता पिता, पारावर, लग्नात. त्याचा अर्थ, माती ना चिखल ना कोरडी अशी पेरण्याजोगी होणं, मला ६४ अंशांवर कळला. दुसऱ्या दिवशी गोळा टाकला, थप्प, भाकरीसारखा पसरला. मग रोज टाकायचे. लेक शाळेतून आली की आधी गोळा. १६ मे थप्प, १९ मे थप्प, २२ला कडेने जरा फुटला.

गंमत म्हणजे तिकडेही तेच चालू होतं. २०२५च्या मेमध्ये महाराष्ट्रात जो पाऊस झाला तो माहितीच आहे, २६ मेलाच मान्सून मुंबईत, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतका लवकर कधीच आला नव्हता. अण्णांची नांगरट तशीच राहिलेली, रान भिजून लोणी झालेलं, घात म्हणजे मशागतीजोगी ओल मिळेना. रोज संध्याकाळी आमच्या फोनवर दोनच वाक्यं, "आला का?" "नाही. तुमच्याकडे?" "नाही." आई म्हणाली, बापलेकीला दुसरं काही बोलायला नाही का.

या मधल्या दिवसांत बाकीची कामं उरकली. रस्त्याच्या कडेच्या बर्फाच्या खुणेच्या काठ्या उपटून शेडमध्ये ठेवल्या. अंगणभर हिवाळ्यात टाकलेली खडी झाडून परत बादलीत भरली, ती पुढच्या वर्षी लागते. विहिरीचं पाणी तपासायला दिलं, बर्फ वितळताना वरचं पाणी आत झिरपतं म्हणून याच वेळी तपासलेलं चांगलं, निदान तीन वर्षांतून एकदा तरी तपासायला सांगतात. बाटल्या लॅबकडून येतात, खर्च सगळा मिळून १६०० क्रोनरच्या घरात. नमुना चोवीस तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे म्हणून सोमवार ते बुधवारच पाठवा, शुक्रवारी भरलीत तर पैसे पाण्यात. आमच्यात लोह नी मँगनीज जास्त निघालं, पिण्याला चालेल म्हणाले, पांढरे कपडे विसरा.

याच आठवड्यात कुंपणावर एक शेपटी हलवणारा पक्षी दिसला नी मी ओरडलेच, धोबी! आमच्या कॅनॉलवर थंडीत असतो तोच, पांढरा धोबी. आजोबांनी त्याचं इथलं नाव सांगितलं, त्यात धान्याला जो शब्द आहे तो आहे, पेरणीच्या सुमाराला नांगरामागून हिंडतो म्हणून. आणि बर्चला पानं फुटायला लागली. ती उंदराच्या कानाएवढी झाली की बटाटे लावा, असं जुनी माणसं सांगायची म्हणे. मी पान काढून तळहातावर ठेवलं, उंदराचे कान किती मोठे असतात ते मात्र आठवेना.

२८ मेला संध्याकाळी गोळा टाकला आणि फुटला. नीट, चार-पाच तुकडे होऊन. पहार दोन फूट गेली, आवाज नाही. व्हिडिओ काढून अण्णांना पाठवला, त्यांच्याकडे मध्यरात्र होती, तरी दोन मिनिटांत अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, आणि शुक्रवारही बहुतेक लोक जोडून घेतात, म्हणजे चार दिवस सलग. आम्ही तिघं आणि आजोबांची पहार. तीन सऱ्या बटाटे, हातभर अंतरावर, एक वाफा गाजर, एक वाटाणा, एक मेथी. धने नी पालक मी सगळे एकदम टाकले, ही दुसरी चूक. जूनमध्ये इथे जवळपास रात्र होतच नाही, सूर्य अकराच्या पुढे मावळतो नी आकाश उजळच राहतं, आणि इतक्या लांब दिवसाला कोथिंबीर नी पालक पानं करायचं सोडून थेट तुऱ्यावर जातात. आत्ता माझी कोथिंबीर आठ पानांची आहे आणि फुलायच्या तयारीत. पुढच्या वेळी घरात लवकर, नाहीतर मग जुलैअखेर.

टोमॅटो-मिरच्यांची रोपं आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून हार्डनिंग करत होते. पहिल्या दिवशी अर्धा तास, सावलीत, वाढवत वाढवत दिवसभर. एक दिवस फोनच्या नादात उन्हात राहिली, पानं कागदासारखी पांढरी. ३१ मेला मला राहवेना, लावून टाकू का म्हणून आजोबांकडे गेले. ते म्हणाले लोखंडी रात्री अजून बाकी आहेत. लोखंडी रात्री म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या, दिवसा छान ऊन, रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हिव. मी मान डोलावली, घरी आले आणि सहा टोमॅटो लावलेच. दहा तसेच कुंडीत ठेवले, एवढी अक्कल राहिली.

४ जून. मोबाइलवर रात्रीचं तापमान ३ दाखवत होता. ३ म्हणजे शून्याच्या वर, मी झोपले. सकाळी गवत पांढरं. मग कळलं की हवामानाचं तापमान दोन मीटर उंचीवर मोजलेलं असतं, अशा रात्री जमिनीलगत ते त्याहून तीन-चार-पाच डिग्री खाली जातं. टोमॅटो तर जमिनीलगतच असतो. सहाच्या सहा काळे, उकडल्यासारखे. तेव्हापासून मोबाइल ५च्या खाली दाखवत असेल तर संध्याकाळी वाफ्यांवर पांढरं पातळ कापड टाकते, बागेच्या दुकानात रोलने मिळतं, दहा मीटर १२० क्रोनर, कडेला दगड ठेवायचे. अण्णांना टोमॅटोचं सांगायला लाज वाटत होती. सांगितलं. म्हणाले, "दुबार पेरणी कुणाला चुकलीय."

उरलेली दहा रोपं ८ जूनला, रविवारी लावली, मृग लागला त्या दिवशी. आजोबांनीच सांगितलं होतं की राष्ट्रीय दिनाची सुट्टी, ६ जून, ती गेली की लाव. तिकडे अण्णांनाही त्याच आठवड्यात एकदाची घात मिळाली, सोयाबीन पेरलं.

२० जूनला मिडसमर, सगळीकडे नवीन बटाटे आणि हेरिंग मासा. दुकानातले बटाटे दक्षिणेतून आलेले, आमचे ऑगस्टशिवाय नाहीत. पण त्याच दिवशी सकाळी पहिल्या सरीत चार ठिकाणी माती वर उचललेली दिसली, भेगेतून गडद हिरवं, चुरगळलेलं पान. लेक पळत आत आली, मी फोन उचलला. अण्णांनी कॅमेरा जवळ न्यायला सांगितलं, अजून जवळ, इतका की पडद्यावर नुसतं हिरवं.

"चांगलं आहे," म्हणाले. "भर कधी देणार?"

भर द्यायला, म्हणजे बुंध्याशी माती चढवायला, लागते हे मला माहीतच नव्हतं. आजोबांकडे खोरं आहे का विचारून येते.